पोरगी डॉक्टर झाली, पण सुई देत नाही

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी बापाचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून, थोडं आटोपशीर करून त्यांच्याच बोलीत देते.

"नमस्कार ताई. मी कोरडवाहू कास्तकार. पऱ्हाटी अन् तूर पेरतो. माही पोरगी यंदा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पीएच.डी. झाली. गुलाबी बोंडअळीवर केलं तिनं. गावात बॅनर लागला, सत्कार झाला. तवापासून घरी रोज कोनी ना कोनी येते. बीपी पाहून दे, गुडघ्याची गोळी सांग. परवा राती शेजारचे लोकं तापाचं लेकरू घेऊन आले. पोरीनं औषध देल्लं नाही, दवाखान्यात न्या म्हने. आता गावात बोंब हाये का डिग्री बोगस हाये. शाळेतल्या मास्तरनं सर्टिफिकेट वाचलं. त्याच्यावर 'डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी' हाये. मास्तर म्हने, हे तं तत्त्वज्ञान झालं, शेती कुठी हाये याच्यात? इकडे एका पुढाऱ्यानं पैसे भरून डॉक्टरेट आनली, थोही नावामांगं डॉ. लावते. अन् आता सोयरीक आली तं पोराकडचे इचारतात, खरी डॉक्टर का पीएच.डी.वाली? पोरीची तोंडी परीक्षा होती तवा मी मांगं बसलो होतो. सारं इंग्रजीत. मले काई समजलं नाही. मोठमोठे साहेब इचारत होते अन् ते उभी राहून उत्तर देत होती, एवढं पाह्यलं. लोकायले काय सांगू? घराच्या पाटीवर डॉ. लिहू का नको?"

भाऊ, नमस्कार.

बाकीच्या गोष्टी नंतर, आधी त्या तापाच्या लेकराचं. तुमच्या मुलीनं त्या रात्री जे केलं ते शंभर टक्के बरोबर केलं. आपल्या भागात तापामागे मलेरिया असू शकतो, डेंग्यू असू शकतो, स्क्रब टायफसही असू शकतो. रक्त तपासल्याशिवाय ते कळत नाही. शेजाऱ्यांचं मन राखायला तिनं घरातली एखादी गोळी देऊन लेकराला झोपवलं असतं आणि पहाटे ते हाताबाहेर गेलं असतं, तर? शिवाय महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यक व्यवसायी कायद्यानं नोंदणी नसलेल्या माणसाला रोग्यावर उपचार करायला मनाई आहे. म्हणजे तिनं औषध दिलं असतं तर ती बोगस डॉक्टर ठरली असती. दिलं नाही, म्हणून ती खरी. गावाला हे असंच, याच शब्दांत सांगा. आणि घरात भिंतीवर १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर, पीएचसीचा म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर आणि आशाताईंचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. रात्री कोणी आलं तर गाडी बोलावून द्यायची, सोबत जायचं. शेजारधर्म तेवढा पुरे आहे.

आता मास्तरांचं म्हणणं. त्यांनी जे वाचलं ते बरोबर वाचलं. फिलॉसॉफी म्हणजे तत्त्वज्ञान, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. पण सर्टिफिकेटवरचा तो शब्द फार जुना आहे आणि तो जेव्हा तिथे बसला तेव्हा त्याचा पसारा आजच्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

मुळात तो ग्रीकांचा शब्द, अर्थ ज्ञानाची ओढ. ज्याला ही ओढ आहे त्यानं काय शोधायचं आणि काय नाही, याला तेव्हा कुंपण नव्हतं. ॲरिस्टॉटल हा त्या परंपरेतला केवढा मोठा माणूस. त्यानं राज्य कसं चालावं यावर लिहिलं, नाटकावर लिहिलं आणि माशांवर, मधमाश्यांवर, किड्यांवरही पानंच्या पानं लिहिली. किड्यांचं अंग कसं खाचा पडल्यासारखं तुकड्यातुकड्यांचं असतं, ते कुठे अंडी घालतात, अळीचा कोष कसा होतो, हे सगळं त्यानं बघून टिपलं. त्यात काही चुकाही आहेत, पण बघायची रीत तीच. तुमची मुलगी जे करत होती ते काम तत्त्वज्ञाच्या पंगतीत सव्वादोन हजारांहून जास्त वर्षांपासून बसलेलं आहे.

पुढेही हे तसंच चाललं. न्यूटननं १६८७ साली जो ग्रंथ छापला, ज्यात गुरुत्वाकर्षण आहे, त्याच्या नावात 'निसर्गाचं तत्त्वज्ञान' असंच आहे. आज आपण ज्याला भौतिकशास्त्र म्हणतो त्याला तेव्हा हेच नाव होतं. इंग्रजीत 'सायंटिस्ट' हा शब्द तर १८३० च्या दशकात विल्यम ह्यूएल नावाच्या केंब्रिजच्या प्राध्यापकानं घडवला. तोवर निसर्गाचा अभ्यास करणारा माणूस स्वतःला तत्त्वज्ञच म्हणवून घ्यायचा.

आणि विद्यापीठांची मांडणीही तशीच होती. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत शाखा चार. धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक या तीन वरच्या. त्यांच्याखाली चौथी शाखा, जिच्यात व्याकरण, तर्क, गणित, खगोल, निसर्ग, जे काही उरलं ते सगळं. हीच पुढे तत्त्वज्ञानाची शाखा म्हणवली गेली. वरच्या तिघी म्हणजे रोजगाराच्या वाटा होत्या: धर्मगुरू, वकील, वैद्य. चौथीत ज्ञानासाठी ज्ञान होतं. नंतर तिच्यातूनच रसायन, प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास अशी एकेक पोरं वेगळी निघाली, पण आडनाव आईचं राहिलं. म्हणून कपाशीवर पीएच.डी. करा, संत गुलाबरावांच्या वाङ्मयावर करा की वैनगंगेच्या खोऱ्यातल्या दगडांवर करा, सर्टिफिकेटवर डॉक्टर ऑफ फिलॉसॉफीच येतं. विषय कोणता ते त्याच कागदावर वेगळं लिहिलेलं असतं. मास्तरांना ती ओळ दाखवा. ते शिकलेले आहेत, त्यांना पटेल, आणि त्यांना पटलं की अर्ध्या गावाला पटेल.

खरा घोळ 'डॉक्टर' या शब्दानं केला आहे. आपल्या गावखेड्यात डॉक्टर म्हणजे सुई देणारा. त्यात लोकांची चूक नाही. त्यांच्या दारी डॉक्टर म्हणून जो माणूस आला तो सुई घेऊनच आला. पण हा शब्द दवाखान्यातून निघालेला नाही. तो शाळेतून निघालेला आहे. लॅटिनमध्ये 'डोसेरे' म्हणजे शिकवणं आणि शिकवणारा तो डॉक्टर. सरळ अर्थ गुरुजी.

इटलीत बोलोन्या नावाचं शहर आहे. तिथलं विद्यापीठ युरोपातलं सगळ्यात जुनं मानतात, परंपरेनं त्याचं साल १०८८ सांगतात. तिथे कायदा शिकवणाऱ्या पंडितांना डॉक्टर म्हणायचे. त्या काळी कारागिरांच्या संघांची रीत अशी होती की सुताराच्या हाताखाली पोरानं वर्षानुवर्षं रंधा मारायचा, मग स्वतःच्या हातानं एक वस्तू घडवून जाणत्या सुतारांपुढे ठेवायची. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, मान डोलावली, की पोरगा मिस्त्री. मग त्यानं स्वतःचं दुकान मांडावं, स्वतःच्या हाताखाली पोरं घ्यावीत. विद्यापीठही असाच एक संघ होता, फक्त माल ज्ञानाचा. शिकणाऱ्याची आधी बंद खोलीत परीक्षा व्हायची. त्यात टिकला तर शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये, सगळ्यांदेखत. त्यानं उभं राहून आपला विषय मांडायचा, समोरच्यांनी हरकती घ्यायच्या, त्यानं एकेकीला उत्तर द्यायचं. पार पडला की त्याला गुरूच्या आसनावर बसवायचे, हातात पुस्तक द्यायचे, बोटात अंगठी, डोक्यावर टोपी. त्या घटकेपासून त्याला शिकवायचा परवाना. पदवीचा मूळ अर्थ तो परवाना.

भाऊ, तुम्ही मागच्या बाकावर बसून जे पाहिलंत ते हेच होतं. टोपी-अंगठी गेली, चर्च गेलं, प्रोजेक्टर आला. पण जाणत्या माणसांनी चारचौघांत खोदून खोदून विचारायचं आणि उमेदवारानं एकट्यानं उभं राहून आपल्या कामाची बाजू सांभाळायची, ही रीत तशीच आहे. फिनलंडमध्ये तर आजही पदवीदान सोहळ्यात नव्या डॉक्टरला उंच टोपी आणि तलवार देतात. आपल्याकडे तलवार नाही, पण त्या दोन घटका उमेदवाराचे पाय लटपटतात ते सगळीकडे सारखेच. भाषा समजली नाही याचं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तिथे होतात. किती बाप असतात?

मग वैद्य डॉक्टर कसे झाले? वैद्यक ही वरच्या तीन शाखांपैकी एक, म्हणून त्यातल्या सर्वोच्च पदवीधारकालाही डॉक्टर म्हणत. समाजाला वकील-पंडितापेक्षा वैद्याची गरज रोज पडते, म्हणून हळूहळू लोकांच्या तोंडी तो शब्द वैद्यालाच चिकटला. आपल्या पीएचसीत जे डॉक्टर बसतात त्यांची एमबीबीएस पदवी नीट पाहिली तर ती 'बॅचलर ऑफ मेडिसिन, बॅचलर ऑफ सर्जरी' अशी आहे, बी.ए., बी.एस्सी.सारखी पहिली पदवी. त्यांना डॉक्टर म्हणणं ही रूढी आणि आदर आहे, आणि तो आदर त्यांनी रात्री-अपरात्री लोकांचे जीव वाचवून कमावलेला आहे. इंग्लंडात शस्त्रक्रिया करणारे मोठमोठे सर्जन आजही नावामागे 'मिस्टर' लावतात, कारण जुन्या काळी शस्त्रक्रिया हे न्हाव्यांच्या संघाचं काम होतं, विद्यापीठाचं नव्हतं. हे सांगते ते कोणाला खाली दाखवायला नाही. दोघांचा 'डॉ.' एकाच घरातून आला आहे, एवढंच. त्यामुळे 'ही खरी डॉक्टर नाही' असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका. 'ती माणसांची नाही, पिकाच्या किडीची डॉक्टर आहे' एवढं सांगा. कास्तकाराला ते लगेच कळतं.

तुमच्यासारख्याच एका बापाची आणि लेकीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १६७८ साली इटलीतल्या पाडुआ विद्यापीठात एलेना कोर्नारो पिस्कोपिया नावाची बाई डॉक्टर झाली. तत्त्वज्ञानाची ही पदवी मिळवणारी जगातली पहिली स्त्री. तिच्या वडिलांनी लहानपणापासून तिला शिकवायला पंडित ठेवले होते आणि पदवीसाठी त्यांनीच जोर लावला. अर्ज धर्मशास्त्राच्या पदवीसाठी होता. तिथल्या बिशपनी साफ नकार दिला: बाईनं धर्म शिकवायचा म्हणजे काय! मग तडजोड होऊन तत्त्वज्ञानाची पदवी द्यायचं ठरलं. तिची परीक्षा बघायला एवढी गर्दी लोटली की ती विद्यापीठातून हलवून शहराच्या कॅथेड्रलमध्ये घ्यावी लागली. ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांतले दोन उतारे ऐनवेळी काढून दिले, त्यावर ती लॅटिनमध्ये बोलली आणि जिंकली. त्यानंतर त्या विद्यापीठानं बायकांना दार पुन्हा बंद केलं. इटलीत दुसरी स्त्री, लॉरा बास्सी, बोलोन्यात डॉक्टर झाली ती १७३२ साली. मध्ये चोपन्न वर्षं गेली. तुमच्या गावात तुमच्या मुलीनंतर दुसरी मुलगी या वाटेनं कधी जाईल, हे आज गाव तिच्याशी कसं वागतं त्यावर बरंचसं ठरणार आहे. म्हणून हे प्रकरण हसण्यावारी नेऊ नका.

आजची पीएच.डी. मात्र बोलोन्याची नव्हे, जर्मनीची. १८१० साली विल्हेल्म फॉन हुंबोल्टच्या कल्पनेतून बर्लिनचं विद्यापीठ उभं राहिलं. तिथे विचार असा रुजला की प्राध्यापकानं जुनं ज्ञान नुसतं वाटून भागणार नाही, नवं ज्ञान निर्माण केलं पाहिजे, आणि डॉक्टर व्हायचं असेल तर उमेदवारानंही स्वतःचं काहीतरी नवं शोधून, लिहून दाखवलं पाहिजे. चौथ्या, खालच्या मानलेल्या शाखेला याच काळात खरा मान मिळाला. अमेरिकेतली पोरं जर्मनीत जाऊन ही पदवी घ्यायला लागली, मग १८६१ साली येल विद्यापीठानं अमेरिकेतल्या पहिल्या तीन पीएच.डी. दिल्या. इंग्लंड फार उशिरा जागं झालं. ऑक्सफर्डनं ही पदवी सुरू केली १९१७ मध्ये. तिथे तिला डी.फिल. म्हणतात, अर्थ तोच.

आणि ऑक्सफर्डची ही पदवी सुरू होऊन फार वर्षं झाली नव्हती, तोच अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावच्या कास्तकाराचा मुलगा तिथे जाऊन ती घेऊन आला. पंजाबराव देशमुख. आपले भाऊसाहेब. त्यांचा प्रबंध वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर आणि वाढीवर होता. शेतीचा त्यात काही संबंध नाही, औषधाचा तर नाहीच. पुढे त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था काढून वऱ्हाडातल्या बहुजनांच्या पोरांना शाळा-कॉलेजं दिली, देशाचे कृषिमंत्री झाले. मुलीचं सर्टिफिकेट पुन्हा एकदा हातात घ्या, भाऊ. मास्तरांनी मधली ओळ वाचली, तुम्ही सगळ्यात वरची वाचा. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. त्या नावातला 'डॉ.' कोणता? तुमच्या मुलीचा आहे तोच. आणि गावातल्या बुद्धविहारात जी तसबीर आहे, तिच्याखालच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर या नावातला 'डॉ.'? कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. आणि लंडनची डी.एस्सी., दोन्ही अर्थशास्त्रातल्या. एक प्रांतिक वित्तव्यवस्थेवर, दुसरी रुपयाच्या प्रश्नावर. बाबासाहेबांनी कोणाला सुई दिली नाही म्हणून त्यांना डॉक्टर न म्हणणारा माणूस विदर्भात सापडेल का? पारावर कोणी तोंड सोडलं तर ही दोन नावं घ्या. बाकी काही बोलायची गरज पडणार नाही.

तुमच्या मुलीनं नेमकं काय केलं हे तुम्हाला माहीत असायला हवं, कारण लोक तुम्हालाच विचारणार. बोंडअळीचं काम खुर्चीवर बसून होत नाही. गुलाबी अळीची लबाडी तुम्हाला ठाऊक आहे: बाहेरून बोंड हिरवंगार, टणक, आणि आत सरकी खाल्लेली. त्यामुळे अभ्यास करणाऱ्याला दर ठरावीक दिवसांनी वावरात उतरून हिरवी बोंडं तोडावी लागतात, एकेक बोंड फोडून आतल्या अळ्या मोजाव्या लागतात, वहीत तारीख, ओळ, झाड लिहावं लागतं. फुलं बघून डोमकळ्या मोजायच्या, म्हणजे पाकळ्या आतून रेशमानं शिवल्यासारखी मिटलेली, न उमललेली फुलं. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं नराला ओढणाऱ्या सापळ्यात, रात्रीतून किती नर पतंग आले ते सकाळी मोजायचं. हंगाम संपला की सरकीचे दाणे तपासायचे, कारण दोन दाणे जोडून त्यांच्यामध्ये अळी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहत निजून राहते. हे एका हंगामात भागत नाही, कारण एक साल पाऊस असतो, दुसऱ्या साली दांडी मारतो. मग आकडे मांडायचे, आधी जगात कोणी काय लिहिलं ते वाचायचं, प्रबंध लिहायचा, तो बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, त्यांनी बरा शेरा दिला तरच तोंडी परीक्षा. गाठभर कापूस निघतो तेव्हा त्यातलं प्रत्येक बोंड कोणीतरी हातानं वेचलेलं असतं, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि याची किंमत काय, हे यवतमाळ जिल्ह्याएवढं कोणाला कळावं? २०१७ चा हंगाम तुम्ही विसरला नसाल. त्या साली बोंडअळीनं वावरंच्या वावरं रिकामी केली, आणि त्याच हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. कधी फवारायचं यापेक्षा कधी फवारायचं नाही हे सांगणारं माणूस गावात असणं ही चैन नाही. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग येईपर्यंत पंप पाठीवर घेऊ नये, हा हिशोब कोणीतरी वावरात बसून मोजला म्हणून आपल्याला मिळाला. डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड धरली, म्हणजे तीच कपाशी पुढे उभी ठेवली, की आपण पुढच्या सालच्या अळीला घरजावई करून ठेवतो, हेही असंच कोणीतरी सिद्ध केलं. ज्या बाईच्या दारावर तापाचं लेकरू नेलं, तिच्या दारी ज्येष्ठात बियाणं घेण्याआधी आणि भाद्रपदात पहिली डोमकळी दिसल्याबरोबर जा, असं गावाला सांगायला हवं. ग्रामपंचायतीत विचारून जूनच्या आत एक संध्याकाळ ठरवा. बॅनर नको, हारतुरे नकोत. तिला सापळा हातात घेऊन बोलू द्या. तुमचा तो बॅनर छापणाऱ्यांनी तिचा फोटो मोठा छापला असेल, तिचं काम कोणाला सांगितलं नसेल. बोंब उठली ती त्या पोकळीतून.

आता पैसे भरून आणलेली डॉक्टरेट. याला फार शब्द खर्चायची इच्छा नाही. मानद पदवी ही खरी गोष्ट आहे. विद्यापीठ एखाद्याच्या आयुष्यभराच्या कामाचा गौरव म्हणून ती स्वतःहून देतं. बाबासाहेबांना कोलंबियानं १९५२ मध्ये आणि उस्मानिया विद्यापीठानं १९५३ मध्ये अशा पदव्या दिल्या. त्यासाठी घेणाऱ्याकडून फी घेत नसतात, आणि मानद पदवी मिळालेल्यानं तेवढ्यावर नावामागे डॉ. लावू नये असा संकेत आहे. जिथे पाकीट दिल्यावर हॉटेलच्या हॉलमध्ये गाऊन चढवून फोटो काढतात ती पदवी नव्हे. आपल्या देशात पदवी द्यायचा अधिकार १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यानं फक्त कायद्यानं स्थापन झालेल्या किंवा तसा दर्जा मिळालेल्या विद्यापीठांना आणि संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे, आणि बोगस विद्यापीठांची यादी आयोग स्वतः प्रसिद्ध करतो. फरक कसा दाखवायचा म्हणाल तर एकच प्रश्न पुरतो: प्रबंध कुठे आहे? खऱ्या पीएच.डी.चा प्रबंध असतोच. विद्यापीठाच्या ग्रंथालयात असतो, शिवाय देशभरच्या विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा' या वेबसाइटवर आणि शेतीचे 'कृषीकोश' या वेबसाइटवर ठेवतात. मुलीला तिचा प्रबंध मोबाइलवर उघडून मास्तरांना दाखवायला सांगा. त्या पुढाऱ्याच्या नादी लागू नका, त्याच्याशी तुलनाही करू नका.

पाटी लिहा. डॉ. जरूर लिहा. पण नावाखाली दुसरी ओळ हवीच: 'पीएच.डी., कृषी कीटकशास्त्र'. पेंटरला सांगा, दुसऱ्या ओळीची अक्षरं पहिल्याएवढीच ठसठशीत काढ. त्यावर लाल रंगाचं अधिकचं चिन्ह काढून देतो म्हणाला तर चक्क नको म्हणा. पेंटर लोक डॉ. दिसलं की सवयीनं काढतात. एवढं केलंत तर अनोळखी माणूस रात्री दार वाजवणार नाही, आणि ज्याच्या वावरात कीड आहे तो बरोबर वाजवेल.

सोयरिकीचं शेवटी ठेवलं, कारण तुमच्या पत्राचा खरा घोर तोच दिसतो. पोराकडच्यांनी 'खरी का पीएच.डी.वाली' असं विचारलं, म्हणजे लगेच वाईट लोक झाले असं मी म्हणणार नाही. तुम्हालाही महिन्याभरापूर्वी हा फरक सांगता आला नसता. नीट बसवून सांगा, सरळ भाषेत: ती दवाखाना टाकणार नाही. कृषी विद्यापीठात, संशोधन केंद्रात, कॉलेजात शिकवायला किंवा बियाण्याच्या कंपनीत, अशा ठिकाणी तिला काम मिळू शकतं, आणि ते मिळायला वेळ लागू शकतो, कारण जागा थोड्या निघतात. हेही लपवू नका. ऐकून त्यांचा चेहरा बघा. 'बरं झालं, आमच्या वावरातही बोंडअळी आहे' म्हणणारा सासरा मिळाला तर सोनं आहे. 'मग डॉ. लावायचं कशाला' म्हणाले, तर चहा पाजा आणि बसस्टँडवर सोडून या. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. लग्नानंतर उद्या तिथून मुलाखतीला बोलावणं आलं, तर तिला जाऊ द्याल का, हा प्रश्न तुम्ही त्यांना समोरासमोर विचारा. पोराला वेगळा विचारा. दोघांचं उत्तर जुळतं का पाहा.

आणि एक गोष्ट तुमचं पत्र दोनदा वाचून जाणवली. मास्तर काय म्हणाले, शेजारी काय म्हणाले, पुढारी काय करतो, पाव्हणे काय विचारतात, सगळं त्यात आहे. मुलगी काय म्हणते ते नाही. पाटीवर नाव कसं लिहायचं, गावात बोलायचं का, या घरची सोयरीक पुढे न्यायची का, हे पेंटरला आणि पाव्हण्यांना सांगण्याआधी तिला विचारा.

तुमची,
ताई